संथ हालचाल

चित्र अडकलंय, असंच तिला आधी वाटलं. कारखान्याच्या विश्रांतीच्या खोलीत खिडकीलगतच्या बाकावर बसून, चहाचा कप गुडघ्यावर टेकवून तिनं फोनवर घरचा कॅमेरा उघडला होता, आणि तळहाताएवढ्या त्या चौकोनात तिचे वडील हॉलच्या मधोमध उभे होते. हातात काठी नाही, जवळ खुर्ची नाही. दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब, मान जरा खाली, आणि हालचाल काडीची नाही. नेटनं दगा दिला असेल म्हणून तिनं कॅमेरा बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा तेच. मग तिची नजर त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सेकंदकाटा फिरत होता. चित्र चालू होतं. माणूस तेवढा थांबला होता. आणि त्याच वेळी, डोळ्यांना सवय होती म्हणूनच केवळ, तिला दिसलं की बाबा थांबलेलेही नाहीत. त्यांचा उजवा पाय जमिनीपासून चार बोटं वर होता आणि तो खाली येत होता. इतका सावकाश, की नुसतं बघत राहिलं तर कळू नये. नजर काढून पुन्हा वळवली तरच फरक दिसावा. सेकंदकाट्याचा एक आख्खा फेरा झाला तेव्हा टाच टेकली. मग अंगाचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं, त्याला आणखी एक फेरा. चहावर साय धरली. दहा मिनिटं संपल्याची घंटा झाली तेव्हा बाबा तीन पावलं पुढे आले होते, आणि एवढ्यात फोन एकदाही थरथरला नव्हता.

खरी गोम त्या न थरथरण्यात होती. हॉलमध्ये काही हाललं की कॅमेऱ्यानं तिच्या फोनला कळवायचं आणि फोननं एप्रनच्या खिशात थरथरायचं, अशी ती व्यवस्था. पूर्वी बाबा पाण्याला उठले की थरथर, खिडकीशी गेले की थरथर. गेले दोन महिने मात्र फोन शांत होता, आणि ती त्या शांततेवर खूश होती. बाबा आता दमतात, बसून असतात, वाचत असतात, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. मधूनच काही तरी जुळायचं नाही. नऊ वाजून पाच मिनिटांनी खुर्चीत टेकलेले बाबा दहा वीसला खिडकीशी, आणि मधल्या सव्वा तासात कॅमेऱ्यानं काहीच टिपलेलं नाही. बाबांना साखर बंद होती, तरी साखरेचा डबा आठ दिवसांत तळाला जायचा, आणि दिवसभरात स्वयंपाकघराकडे कुणी फिरकल्याचा पुरावा नसायचा. शेवटी तिनं कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला होता. "जुनं सॉफ्टवेअर आहे, ताई," तो म्हणाला होता. "त्याला पटकन हाललेलं कळतं. फारच हळू काही सरकलं तर ते त्याला भिंतच समजतं. दिवसभर सावल्या सरकतात ना, त्यापायी फोन वाजत राहू नये म्हणून तसं केलेलं असतं. नवीन अपडेट आलंय, ते टाका. सगळं दिसेल." "अहो, सावली नाहीये ती, वडील आहेत माझे," ती हसून म्हणाली होती. तो हसला नाही. "पण एकदा टाकलंत की परत जुन्यावर जाता येत नाही, तेवढं बघा," म्हणाला. तेच फोनवरही लिहून येत होतं: कॅमेऱ्यासाठी नवीन फर्मवेअर उपलब्ध, संथ हालचाली आता अचूक टिपल्या जातील, आधीच्या आवृत्तीकडे परत जाता येणार नाही. खाली दोन बटणं, आत्ता आणि नंतर. आजपर्यंत सात वेळा तिनं 'नंतर' दाबलं होतं. भाऊ, ज्यानं लांबच्या देशातून हा कॅमेरा मागवून बसवायला लावला, तो दर रविवारी विचारायचा, "ताई, अजून केलं नाहीस? दोन मिनिटांचं तर काम आहे." एकदा तिनं विचारलं, "तुझ्या फोनवर येतात का रे बाबा हालल्याच्या सूचना?" तो म्हणाला, "माझ्या बंद ठेवल्यात गं. तुमचा दिवस ती आमची रात्र, झोपमोड होते." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि तरी ते तिच्या मनाला दोन दिवस लागून राहिलं होतं.

घंटा झाली तशी ती उठली, कप विसळला, टोपीत केस खोचले आणि जाऊन पडद्यासमोरच्या स्टुलावर बसली. तिचं काम बघण्याचं. औषधाच्या बाटल्या करणारा कारखाना तो. भट्टीतून निघून निवलेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकीमागून एक यायच्या आणि पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढून जायच्या. तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की ती उचलून पायाजवळच्या पेटीत टाकायची. वीस मिनिटं बसायचं आणि उठायचं, कारण वीस मिनिटांनंतर डोळे उघडे राहतात पण बघत नाहीत. सतरा वर्षं ती हे करत होती. खात्यातल्या बायका तिला दुर्बीण म्हणत. ज्यांची नजर टिकत नाही त्यांना पॅकिंगला धाडत, आणि पॅकिंगला गेलेली बाई पडद्याशी परत आलेली कुणी पाहिली नव्हती. दोषांतला सगळ्यांत वाईट दोष म्हणजे झोपाळा: बाटलीच्या आत एका बाजूपासून दुसरीपर्यंत ताणलेला, केसाएवढा काचेचा तंतू. बाटली भरताना तो तुटतो आणि औषधाबरोबर पोटात जातो. सतरा वर्षांत तिच्या हातून एकच झोपाळा सुटला होता. दोन महिन्यांपूर्वी, बाराव्या मिनिटाला, खिशात फोन थरथरला आणि नजर तेवढी खाली गेली. पुढच्या तपासणीत बाटली सापडली, बाहेर गेली नाही. पण ती लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची होती. सुपरवायझर बाईंनी तिला बाजूला घेतलं. "फोन जवळ ठेवायची परवानगी साऱ्या खात्यात तुला एकटीला आहे, तीही वडिलांकडे बघून. पुन्हा असं झालं तर माझाही नाइलाज आहे, समजून घे." त्या दिवशी ती घरी जाऊन पुष्कळ बडबडली होती. काय बोलली ते आता तिला धड आठवत नव्हतं.

फोन लॉकरमध्ये टाकून मोकळं व्हावं, हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण मग गेल्या वर्षीचा तो दिवस समोर उभा राहायचा. कामावरून येऊन तिनं दार उघडलं तर हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये बाबा जमिनीवर. सकाळी दहापासून. पाच तास. टेबलावरचं वर्तमानपत्र कसंबसं ओढून त्यांनी कमरेवर घेतलं होतं, कारण कपडे ओले झाले होते आणि येईल ती मुलगी असेल हे त्यांना माहीत होतं. "आलीस? बरं झालं," ते म्हणाले होते. "इथून घड्याळ दिसत नाही." त्यांना उचलताना, पुसताना, नंतर दवाखान्यात नेताना ती रडली नाही. रडू आलं ते रात्री ते वर्तमानपत्र टाकून देताना. पुढच्याच आठवड्यात कॅमेरा आला. तो बसवत असताना बाबा खुर्चीतून बघत होते. बसवणारा शिडीवरून उतरल्यावर म्हणाले, "म्हणजे आता माझा रोज एक्स-रे निघणार तर." सगळे हसले. तीही हसली.

एक्स-रे हा बाबांचा सारा जन्म होता. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, अंधारखोलीत, एकतीस वर्षं त्यांनी फिल्मा धुतल्या. तिला सात-आठ वर्षांची असताना त्यांनी एकदा आत नेलं होतं, आईला बरं नव्हतं म्हणून. दार लागलं आणि स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा झाला. आंबूस, ओला, नाकात बसणारा वास. बाजूला रसायनांच्या टाक्या, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. तिथं भराभर चालायची सोयच नव्हती. धक्का लागला तर कुणाच्या तरी छातीचं चित्र कायमचं बिघडायचं. बाबा इतके हळू वावरत की पावलाचा, कपड्याचा, श्वासाचा कसलाच आवाज नाही. थोड्या वेळानं तिला वाटलं, खोलीत आपण एकट्याच आहोत. तिनं भोकाड पसरलं. अंधारातून बाबांचा आवाज आला, अगदी जवळून, "अगं, मी इथंच आहे." आणि त्यानंतर जिथे जातील तिथे ते फिल्मा टांगायचे चिमटे वाजवत राहिले. टिक टिक, दोनदा. पुढच्या टाकीपाशी गेले, टिक टिक. बाहेर येईपर्यंत ती त्या आवाजाकडे तोंड करून उभी होती.

बाटल्या जात होत्या. बुडबुडा, उचलली. चार चांगल्या. वाकडी मान, उचलली. हात आपलं काम करत होते आणि डोक्यात सकाळचा तो अधांतरी पाय होता. म्हणजे हे ठरवून चाललं होतं. थकले म्हणून हळू नाही, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून हळू. म्हणजे माझ्यापासून लपतात, ती मनाशी म्हणाली, आणि हे वाक्य मनात उमटलं तेव्हा तिला ते इतकं लागलं की एक बाटली तिनं उगाचच उचलून पेटीत टाकली, चांगली बाटली. पण का लपू नये त्यांनी? सकाळपासून दुपारपर्यंत कुणी तिच्या पाठीवर अशी नजर रोखून ठेवली असती तर तिनं काय केलं असतं? अपडेट टाकायचं म्हणजे चोवीस तास पहाऱ्यात राहणाऱ्या माणसानं एकट्यानं शोधून काढलेला हा एक आडोसा ओढून काढायचा, आणि एकदा काढला की परत घालता यायचा नाही. नाही टाकायचं म्हणजे त्यांनी रोज असं एका पायावर, आधाराविना, मिनिट मिनिट तोलत राहायचं आणि ते आपल्याला ठाऊक असून आपण बाटल्या बघत बसायचं. व्यायाम शिकवायला यायची त्या बाईनं तर बजावून सांगितलं होतं, "आजोबा, पाऊल उचललंत की टाका. मध्ये रेंगाळलात की तोल गेलाच म्हणून समजा." साखरेसाठी चाललंय का हे सगळं? चमचाभर साखरेसाठी? तिला हसू आलं. आपण आयुष्यभर दोष शोधत आलो, तिच्या मनात आलं, समोरून काहीही सरकलं की पहिल्यांदा त्यात खोट कुठे ते बघतो. वीस मिनिटं झाली. पुढच्या बाईनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली.

शिफ्ट दोनला सुटली. बसमध्ये तिनं फोन उघडला नाही. मुठीत धरून ठेवला. ऊन तापलं होतं, रस्त्याच्या कडेला कुणी तरी कापडी छत्रीखाली घड्याळं दुरुस्त करत बसलं होतं, आणि बस सिग्नलला थांबली तेवढा वेळ ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. इमारतीचे दोन जिने ती एरवी दणदण चढायची. आज पाय न वाजवता चढली. किल्ली फिरवली तीही अलगद. आपण चोरासारख्या आपल्याच घरात शिरतोय याची तिला लाज वाटली, पण ती शिरली. कॅमेरा दाराच्या वरच होता, त्याच्या नजरेच्या खाली, भिंतीला पाठ लावून, हातात चपला घेऊन ती उभी राहिली. बाबा पाठमोरे, स्वयंपाकघराच्या दारापासून दोन पावलांवर. एवढ्या जवळून बघताना त्यांची पोटरी थरथरताना दिसत होती. सदरा पाठीला घामानं चिकटला होता. हाक मारली तर दचकतील म्हणून ती गप्प राहिली. घराबाहेर कुणाचं तरी दार आपटलं, गाडी गेली, पाण्याची मोटर सुरू झाली, आणि बाबांचा हात चौकटीकडे जात राहिला. चौकट हाताला लागल्यावर त्यांनी श्वास सोडला. तो तिनं ऐकला.

"बाबा."

"आलीस?" ते न वळता म्हणाले. "वाजले का एवढे? मला वाटलं तोवर पोचेन."

"साखरेला निघाला होतात?"

"साखरेलाच. खोटं कशाला बोलू."

तिनं त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं. कॅमेऱ्याचा निळा दिवा लुकलुकला आणि तिच्या मुठीत फोन थरथरला. आपल्याच चालण्याची खबर.

"असं का चालता, बाबा? मी सकाळी बघितलं. मधल्या सुट्टीत कॅमेरा उघडला होता."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे दिसतं?"

"मी उघडून बघितलं तर दिसतं. एरवी फोन वाजत नाही."

"हां," ते म्हणाले, आणि एकदम हलके झाले. "मग ठीक आहे. मी फोनचंच म्हणतोय."

"फोनचं काय?"

"तूच नाही का म्हणालीस? तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि माझ्या हातून झोपाळा गेला."

तिला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. ओट्याशी उभी राहून, पाठ फिरवून, भांडं आपटत ती म्हणाली होती. पुढे हेही म्हणाली होती, की एखाद्या पोराच्या पोटात काच गेली असती म्हणजे. बाबांनी तेव्हा ताट स्वतः उचलून ठेवलं होतं.

"मी रागात बोलले असेन," ती म्हणाली.

"रागातच बोललीस. पण खोटं नव्हतीस बोलली." बाबांनी पाण्याचा घोट घेतला. "आधी आठ दिवस बसूनच काढले. मग कंटाळलो. तो निळा दिवा लुकलुकला की तुझा फोन वाजतो एवढं माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, दिवा लुकलुकणार नाही असं चालून बघू. तू पडद्यासमोर कधी असतेस आणि कधी नसतेस, ते मला थोडंच कळतंय? म्हणून सरसकट हळूच. अंधारखोलीत दुसरं काय केलं जन्मभर?" मग जरा ओशाळून, "साखर खाल्ली, ती वेगळी गोष्ट."

दिवसभर तिनं काय काय रचलं होतं. आडोसा, पहारा, लपणं. "आणि तोल गेला असता तर?" ती कशीबशी म्हणाली. "एका पायावर उभे असता तुम्ही. घामानं भिजलात, बघा. पडला असतात म्हणजे?"

"पडलो तर दिसेनच की," बाबा तिची समजूत घालत म्हणाले. "पडणं काही हळू होत नाही."

त्यांनी ते सहज सांगितलं, नीट विचार करून ठेवल्यासारखं. म्हणजे दोन महिने जी शांतता खिशात घेऊन ती निर्धास्त बसली होती, ती हीच. बाबा घामाघूम होऊन, पोटऱ्या थरथरत, तिच्यासाठी ती शांतता पावलापावलानं जमवत होते. आणि हे असंच चालू ठेवलं तर फोन आता एकदाच वाजणार होता. पाण्यासाठी नाही, खिडकीसाठी नाही, साखरेसाठी नाही. त्या एकाच गोष्टीसाठी. पडद्यासमोर बसून ती कशाची वाट बघणार होती ते तिला लख्ख दिसलं. तिनं फोन वर केला. संथ हालचाली अचूक टिपल्या जातील. परत जाता येणार नाही. तिनं 'आत्ता' दाबलं.

"काय केलंस?"

"अपडेट टाकलं. दोन मिनिटं कॅमेरा बंद राहील म्हणतोय."

निळा दिवा विझला. दोघंही वर त्याच्याकडे बघत राहिले. खोलीत काही बदललं नव्हतं, तरी बाबांनी खांदे सैल सोडले, आणि ते बघून तिलाही कळलं की आपणही या दिव्याखाली वर्षभर जरा ताठच वावरत आलो.

"बंद आहे?"

"बंद आहे. चला, बाबा, उठा. काठी घ्या. खिडकीपर्यंत जाऊन या, भराभर."

ते उठले. पहिल्या पावलाला पाय सवयीनं वरच राहिला; मग त्यांनी तो धप्पकन टाकला. दुसरा टाकला. काठी टक टक वाजायला लागली. चालणं वाकडंतिकडं होतं, म्हातारं होतं, पण ते चालणं होतं. खिडकीशी जाऊन त्यांनी चौकटीवर थाप मारली आणि वळून हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. ती मधोमध उभी राहून बघत होती. कुठे खोट आहे ते नव्हती बघत. ते परत निघाले, अर्ध्या वाटेवर आले, आणि निळा दिवा लागला. फोन थरथरला. बाबा होते तिथेच थबकले, एक पाय जमिनीपासून चार बोटं वर.

"वाजला?"

"वाजला. पाय टेका आधी."

"मग तुझं काम?"

"उद्या बाईंना सांगेन. पॅकिंगलाही बायका काम करतात."

"दुर्बीण पॅकिंगला?" त्यांच्या आवाजात जे होतं ते ऐकून तिला जाणवलं, सतरा वर्षांत हे काम आपल्याला इतकं आपलं कधी वाटलं नव्हतं, ते आत्ता वाटतंय. पडदा, तो पांढरा उजेड, बोटांना आधी कळणारी वाकडी मान. बाबा अजून पाय धरून उभे होते, तिच्याकडे बघत, ती हो म्हणाली तर आत्तासुद्धा पुन्हा हळू व्हायला तयार.

"चाला, बाबा," ती म्हणाली. "वाजू दे. कुठं आहात ते मला कळू दे."

त्यांनी पाय टेकला. मग दुसरा. फोन थरथरत राहिला आणि तिनं तो बंद केला नाही. तिच्या बाजूनं जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, टोपीमुळे चपटे झालेले केस जरा विस्कटले, आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं कॅमेरा पोचत नव्हता. फोन शांत झाला. थोडा वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मग साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं, मुद्दाम वाजवल्यासारखं, दोनदा.